अलंकार आधी कानाला, मग वहीला: गाणी आणि शब्दखेळांतून शिकवण्याची रीत

अलंकाराच्या तासाचा क्रम बहुतेक वर्गांत ठरलेला असतो. फळ्यावर व्याख्या, तिच्याखाली उदाहरण, त्याखाली ‘म्हणून येथे उपमा अलंकार आहे’. मुले उदाहरण पाठ करतात आणि परीक्षेत ओळ बदलली की अडतात, कारण पाठ झालेली असते ती ओळ, ओळीतली युक्ती नव्हे. हा क्रम उलटा करावा. आधी ओळ गाऊन ऐकायची, मग तिच्यातला एखादा शब्द काढून किंवा बदलून काय बिघडते ते पाहायचे आणि अलंकाराचे नाव सगळ्यात शेवटी सांगायचे. इथली रीत साधारण सहावी ते दहावीच्या वर्गांसाठी आहे. गोव्यात बरीच मुले घरी कोकणी आणि शाळेत मराठी बोलतात. ती अडचण न मानता तिचा उपयोग कसा करायचा, तेही पुढे आहे.

गाणे निवडताना

आठ ते बारा ओळींचे, मुलांना चाल आधीपासून येत असलेले गाणे घ्यावे. चाल नवीन असली की सगळे लक्ष चालीकडे जाते आणि शब्द नुसते वाहून नेले जातात. चतुर्थीच्या आरत्या, फुगडीची गाणी, पौषातले धालो (बायकांची नाचगाणी), शिमग्याची गाणी हा साठा वर्गात तयारच असतो. नाट्यपदाने मात्र सुरुवात करू नये. गोव्यातल्या मराठी शिक्षकाला हा मोह आवरणे कठीण जाते हे खरे, पण तानेत आणि आलापात शब्द इतका ताणला जातो की तेराव्या वर्षीच्या कानाला अनुप्रास, म्हणजे त्याच ध्वनीची पुनरावृत्ती, सापडत नाही. नाट्यपद दुसऱ्या महिन्यात घ्यावे, आणि तेही आधी वाचून.

पारंपरिक गाण्यांत कोकणी-मराठीची सरमिसळ असते. ती ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. ‘कोंबो–आंबो’ ही जोडी कानाला जुळते. तिचे ‘कोंबडा–आंबा’ केले की यमकच जाते. किंबहुना असा एक मोडका अनुवाद मुद्दाम फळ्यावर लिहावा आणि काय हरवले ते मुलांना शोधू द्यावे. यमक आवाजात असते, अर्थात नसते, हे त्यातून व्याख्येशिवाय कळते.

एका गाण्यातून एकच अलंकार शिकवायचा. गाण्यात चार असतील तर उरलेले तीन त्या दिवशी दिसलेच नाहीत असे वागावे.

पहिली दहा मिनिटे पुस्तक मिटलेले

३५–४० मिनिटांच्या तासातली पहिली दहा मिनिटे फक्त कानाची. गाणे दोनदा म्हणायचे. पहिल्यांदा मुलांनी बाकावर ठेका धरायचा. दुसऱ्यांदा, एखादा आवाज पुन्हा आला असे वाटले की ठेका सोडून टाळी वाजवायची. शाळेत घुमट (मडक्याच्या तोंडाला कातडे लावलेले तालवाद्य) असेल तर ठेका त्यावरच धरावा. २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य ठरल्यापासून बऱ्याच शाळांत घुमट कपाटाची शोभा वाढवत असते, त्याला काम मिळेल. लय संथ ठेवावी, आरतीच्या शेवटी चढते तशी नको.

जिथे वर्गातली निम्मी मुले टाळी वाजवतात आणि निम्मी नाही, ती जागा टिपून ठेवा. खरा धडा तिथेच असतो.

अशी एक हमखास जागा म्हणजे ‘च’. ‘चार चोर चावडीवर’ यात डोळ्यांना तीन ‘च’ दिसतात. पण ‘चार’मधला च तालव्य, ‘चिमणी’तल्यासारखा, ‘चोर’ आणि ‘चावडी’तला दंततालव्य, ‘चूल’मधल्यासारखा. ‘चिंच’ या एका शब्दातच दोन्ही आहेत. ज आणि झ यांचेही तसेच. वहीत पाहून अनुप्रास शोधणारी मुले तिन्ही च मोजतात, ऐकून शोधणारी अडखळतात. दोन्ही गटांना एकमेकांशी वाद घालू द्यावा. परीक्षेत तिन्ही धरले तरी गुण जात नाहीत, पण अनुप्रास म्हणजे अक्षर नव्हे तर ध्वनी, ही गोष्ट या वादानंतर वेगळी सांगावी लागत नाही.

यमकातली नेहमीची चूक म्हणजे शेवटचा नुसता काना जुळवणे. ‘वारा–झाडा’ हे यमक नाही, ‘वारा–तारा–पारा’ हे आहे. मुलांना नियम असा द्यावा: शेवटचे अक्षर पूर्ण जुळले पाहिजे आणि त्याच्या आधीचा स्वरही जुळला तर उत्तम. ‘फुटे–भेटे’ चालते, पण लंगडते. ‘फुटे–तुटे’ चालते आणि धावते.

एकच चित्र, पाच अलंकार

अर्थालंकारांत गोंधळ होतो तो उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती आणि व्यतिरेक या पाचांचा. वेगवेगळ्या कवितांतली पाच उदाहरणे दिली की हा गोंधळ वाढतो, कारण प्रत्येक वेळी चित्रही बदलते. म्हणून चित्र एकच ठेवावे आणि फक्त नाते बदलावे.

साचा अभंगाचा घ्यावा. मोठ्या अभंगाच्या चौकात चार चरण असतात: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. हा साचा मुलांना भजनामुळे ऐकून माहीत असतो आणि बावीस अक्षरांत पाल्हाळाला जागा नसते. मोजताना जोडाक्षर एकच धरायचे, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. शब्दाच्या शेवटचा अ बोलताना गिळला जातो, तरी गाताना मोजायचा: ‘माड’ म्हणजे दोन अक्षरे. ‘माझा चरण पाचच भरतो’ अशी तक्रार आली तर दहापैकी नऊ वेळा हेच कारण असते.

फळ्यावर पहिला चौक लिहा:

मांडवीचे पाणी
आरशासमान
वाकवून मान
पाही माड

चार खणांचा तक्ता भरून घ्या. उपमेय (जिची तुलना करायची ती वस्तू) पाणी, उपमान (जिच्याशी करायची ती) आरसा, साधर्म्यवाचक शब्द ‘समान’. चौथा खण साधर्म्याचा, आणि तो इथे रिकामा राहतो, कारण पाणी कशात आरशासारखे आहे ते ओळीत सांगितलेलेच नाही. मुले तिथे ‘स्वच्छ’, ‘चकचकीत’, ‘रूप दाखवणारे’ असे काहीबाही लिहितात. त्यातले कोणते खरे, ते माडाने मान वाकवली यावरून ठरते: रूप दाखवणारे. चारही खण भरले तर पूर्णोपमा, एखादा रिकामा तर लुप्तोपमा, ही नावे आता सांगायला हरकत नाही.

आता ‘समान’ काढा:

मांडवीचे पाणी
जणू आरसाच
पाहतो उगाच
माड त्यात

सारखेपणा गेला, ‘जणू तेच’ आले. ही उत्प्रेक्षा. मग ‘जणू’ही काढा:

मांडवी-आरसा
ओहोटीला तडे
भरतीला जडे
पुन्हा सारा

इथे दोन वस्तू उरल्याच नाहीत. तडे जातात ते आरशाला, भरती-ओहोटी येते ती नदीला, आणि ओळ दोन्ही एकाच दमात बोलते. हे रूपक. पुढची पायरी उपमेय चक्क नाकारण्याची:

पाणी नव्हे बाई
आरसा हा खरा
ठाकठीक तुरा
करी माड

‘नव्हे’ आले, अपन्हुती झाली. हे चार चौक एकाखाली एक लिहून वर्गाने एकाच चालीत सलग गावेत. उपमेय आणि उपमान यांच्यातले अंतर प्रत्येक पायरीला कमी होत गेलेले गातानाच जाणवते. ‘सारखे’, ‘जणू’, ‘तेच’, ‘हे नव्हेच, ते’ एवढी शिडी लक्षात राहिली की व्याख्या मुले स्वतःच्या शब्दांत सांगतात.

पाचवी पायरी मुलांना करायला द्या: आता पाणी आरशाहून वरचढ ठरले पाहिजे. साधारण असे काहीतरी येईल:

मांडवीपुढती
आरसा मळका
भिंतीशी हलका
टांगलेला

व्यतिरेक बरोबर साधला आहे. अक्षरेही सहा-सहा-सहा-चार. पण ‘मळका–हलका’ हे यमक नियमात बसले तरी फसवे: ‘का’च्या आधी एकात ळ, दुसऱ्यात ल. कागदावर ते जवळजवळ दिसते, गाताना खडा लागतो. दुरुस्ती अर्थाला धक्का न लावता करायची:

मांडवीपुढती
आरसा फिकट
बसला चिकट
भिंतीवर

या पायरीला घाई करू नये. एक तास पाच चौकांना, दुसरा तास मुलांच्या स्वतःच्या चित्राला. चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटाला एक उपमेय आणि पाच पायऱ्या. उपमेये आधीच चिठ्ठीवर द्यावीत, नाहीतर अर्धा वर्ग चंद्र निवडतो आणि उरलेला आई. खाजनातला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला) चिखल, फेरीबोट, काजूचा पिकलेला बोंडू, मे महिन्यातला उकाडा, पणजीची गर्दी अशी रोजची उपमेये चांगली चालतात. उपमाने सुचत नसतील तर माटोळी आठवायला सांगा. गणपतीवर टांगलेल्या त्या रानफळांपैकी पाच नावे, प्रत्येकाचा आकार, रंग आणि स्पर्श असा तक्ता केला की उपमानांचा साठा दहा मिनिटांत तयार होतो. फळाचे नाव कोकणीत आले तरी तसेच ठेवावे.

शिडीवरून मुले कुठे घसरतात? वाचक शब्दावर आंधळा विश्वास ठेवून. ‘तो सारखा बोलतो’ यात ‘सारखा’ आहे, उपमा नाही. ‘दोघांना समान वाटा’ यातही नाही. ‘तुझी सायकल माझ्या सायकलीसारखी आहे’ ही तुलना आहे, पण अलंकार नव्हे. दोन्ही बाजूंना एकच वस्तू आहे. अशी सहा-सात फसवी वाक्ये खऱ्या उपमांमध्ये मिसळून द्यावीत. नुसत्या खऱ्या उदाहरणांवर सराव केलेला विद्यार्थी ‘सारखा’ दिसला की उपमा लिहून मोकळा होतो.

श्लेष: इथे वर्ग हसला पाहिजे

यमक आणि श्लेष यांची सीमा आधी पक्की करावी. शब्द दोनदा आला आणि दोन अर्थांनी आला, तर यमक. एकदाच आला आणि दोन अर्थ देऊन गेला, तर श्लेष. ‘तो घुमट वाजवी, पैसे घेई वाजवी’ हे यमक. ‘वही आणि झाड, दोघांचीही पाने गळाली’ हा श्लेष.

कोकणी-मराठीच्या शेजारामुळे गोव्यातल्या मुलांकडे श्लेषाचा कच्चा माल इतरांपेक्षा जास्त असतो. ‘पाहुण्यांना नुसते जेवण चालेल’ हे वाक्य साताऱ्यात एका अर्थाचे आहे. म्हापशात त्याला माशाचा वास येतो, कारण कोकणीत नुस्तें म्हणजे मासे. खाजनाच्या बांधावरचे पाण्याचे दार म्हणजे मानस, आणि मराठी कवितेत मानस म्हणजे मन. मग ‘भरतीला मानस मिटे, ओहोटीला उघडे’ ही ओळ शेताची की माणसाची, यावर वर्ग दोन मिनिटे भांडू शकतो. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजल्यावर उपाशी पोराने ‘देवा, पाव!’ म्हटले तर ती प्रार्थना की ऑर्डर? आणि ‘तार’ म्हणजे वाद्याची, विजेची, नदीवरची (पार नेणारी होडी) की देवाकडे मागितलेली? (‘सूर’ हा शब्दही कोणीतरी काढणारच. माडाची सूर (माडी) आणि गळ्याचा सूर यांवर विनोद होईल, होऊ द्यावा, आणि पुढे जावे.)

मुलांकडून श्लेष करून घ्यायची कृती सोपी आहे. दोन अर्थांचे दहा शब्द फळ्यावर लिहा: पान, वर, कर, हार, दर, माळ, जीवन, पाव, तार, मान. प्रत्येक गटाने एक शब्द उचलायचा. दोन्ही अर्थांची दोन सरळ वाक्ये लिहायची आणि मग दोन्ही सामावून घेणारे तिसरे वाक्य. तिसरे वाक्य झाल्यावर उलट तपासणी करायची: त्या एका वाक्यातून पुन्हा दोन पूर्ण अर्थ निघतात का? एक अर्थ निघतो आणि दुसरा ‘समजून घ्यावा लागतो’ असे असेल, तर श्लेष फसला.

तो फसतो बहुधा लिंगामुळे. ‘हार’ घ्या. गळ्यातला हार पुल्लिंगी, पराभवाची हार स्त्रीलिंगी. ‘उमेदवाराला हार मिळाला’ म्हटले की पराभव संपला, ‘हार मिळाली’ म्हटले की फुले गेली. क्रियापदाने गुपित फोडले. उपाय म्हणजे लिंग न दाखवणारे रूप वापरणे: ‘निकाल काहीही लागो, दोघांना हारच मिळणार.’ भविष्यातले ‘-णार’, सवयीचे ‘मिळे, होई’, किंवा क्रियापदच नसलेली हाक, या तीन वाटा मुलांना दिल्या की निम्मे फसलेले श्लेष दुरुस्त होतात. मराठी व्याकरणातले लिंगप्रकरण इतक्या आवडीने उगाळण्याची संधी दुसऱ्या कुठल्या तासाला मिळत नाही.

सभंग श्लेष मोठ्या वर्गांसाठी. शब्द तोडला की दुसरा अर्थ निघतो: ‘बाजारातला फणस दिसे नागर’. एकदा ‘दिसे’नंतर थांबून वाचा, फणस शहरी आणि देखणा वाटतो. एकदा ‘दिसेना’नंतर थांबा, आत गरच नाही. अशी ओळ लिहून दाखवू नये, न थांबता म्हणावी आणि काय ऐकू आले ते लिहायला सांगावे. वर्गाच्या दोन बाजूंच्या वह्यांत दोन वेगळी वाक्ये निघतात.

कोड्यांतून रूपक

कोडे म्हणजे उपमेय लपवलेले रूपक. मुले कोडी, हुमाणी लहानपणापासून सोडवतात. त्यांनाच सांगायचे की उत्तर म्हणजे उपमेय आणि प्रश्न म्हणजे उपमानाचा पसारा. हे घ्या:

‘मडके आहे, पाणी भरत नाही. एका तोंडावर कातडे, दुसऱ्यावर हात.’
‘पहारेकरी बांधावर उभा: भरतीला दार लावतो, ओहोटीला उघडतो, पगार मागत नाही.’
‘सगळे बी पोटात जपतात, मी बाहेर लटकवतो.’

घुमट, मानस, बोंडू. तिसऱ्यात उपमान आहे का, हे मुद्दाम विचारा. नाही, ते नुसते वर्णन आहे, रूपक नव्हे. ‘आई बाहेर, बाळ बाहेर, मांडी मात्र गोड’ असे काही केले तर रूपक होईल. नुसते वर्णन आणि रूपक यांतला फरक मुलांना इतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

धालोची मांडणी इथे कामी येते. मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून गातात, तशा वर्गात दोन रांगा करा. एक रांग कोडे गाते, दुसरी उत्तरासह उलटे रूपक गाते. दोन्ही रांगा कमरेत हात गुंफून झुलायला लागल्या की बाकांना जागा लागते, तेव्हा तास अंगणात घ्यावा.

बाकीचे अलंकार थोडक्यात

अतिशयोक्तीसाठी थापांची स्पर्धा पुरते. साचा ‘इतका… की’: ‘इतका उकाडा की मासे नदीबाहेर येऊन पंखा मागत होते.’ ससंदेह आणि भ्रांतिमान यांची जोडी नाट्य करून दाखवावी. ‘वेल की साप?’ असे म्हणत थबकला तो ससंदेह, वेलीला साप समजून पळाला तो भ्रांतिमान. शंका आणि कृती, एवढाच फरक. व्याजस्तुती मुलांना शिकवावी लागत नाही, फक्त तिचे नाव सांगावे लागते: ‘काय वक्तशीर बस! दहाची बरोबर अकराला येते.’ पाठ्यपुस्तकात त्या इयत्तेला जेवढे अलंकार आहेत तेवढ्यांचीच नावे पक्की करून घ्यावीत. बाकीचे खेळात आले तर येऊ द्यावेत, वहीत नकोत.

तपासताना

प्रत्येक उत्तराला चार गुण ठेवा. अलंकार ओळखला, एक. उपमेय-उपमान किंवा दोन अर्थ सुटे केले, एक. ओळीतला कोणता शब्द पुरावा आहे ते दाखवले, एक. आणि उपमान बदलले तर काय बिघडेल ते सांगितले, एक. चौथा गुण सर्वांत कठीण आणि सर्वांत कामाचा. ‘मांडवीचे पाणी पत्र्यासमान’ केले तर? पत्राही चकाकतो, पण त्यात माडाला तोंड पाहता येत नाही; मग ‘वाकवून मान’ हा चरण निराधार होतो. एवढे लिहिणाऱ्या मुलाने अलंकाराचे नाव चुकवले तरी त्याला तीन गुण द्यावेत.

कोकणी शब्दावर उभा असलेला श्लेष वर्गात पूर्ण गुणांचा. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत मात्र दोन्ही अर्थ मराठीत चालणाराच शब्द वापरायला सांगावे, कारण तपासणाऱ्याला तो दुसरा अर्थ ऐकू येईलच असे नाही. यासाठी मुलांनी आपल्या वहीत केलेल्या श्लेषांपैकी जे दोन्हीकडे चालतात त्यांच्यापुढे खूण करून ठेवावी. ‘पान’, ‘हार’, ‘जीवन’ यांपुढे खूण येईल, ‘नुसते’पुढे येणार नाही.